अलास्काची क्रूझ: बाल्कनीचे पैसे व्हेलच्या बोटीत घाला

अलास्का क्रूझ करून आलो हे कळल्यापासून ज्याला त्याला एकच प्रश्न पडलाय, बाल्कनीवाली केबिन घेतली होती का, आणि घेतली असेल तर जहाजाच्या कुठल्या बाजूची. नाही घेतली. बिनखिडकीची, आतली, दिवा मालवला की स्वतःचा हात दिसणार नाही अशी केबिन घेतली आणि वाचलेले पैसे जुनो बंदरातल्या व्हेल दाखवणाऱ्या बोटीत घातले, आणि पुन्हा गेले तर हेच करीन. बाल्कनीतून एकच बाजू दिसते आणि व्हेल काही तुमची बाजू विचारून वर येत नाही. वरच्या डेकवर किंवा पुढच्या टोकाला उभं राहिलं की दोन्हीकडचा किनारा दिसतो, शिवाय शेजारी उभा असलेला कोणीतरी हौशी माणूस "दोनच्या काट्यावर, दोनच्या काट्यावर!" असं ओरडतो (जहाजाचं नाक म्हणजे बारा, बाकी हिशोब घड्याळासारखा) आणि सगळा घोळका तिकडे माना वळवतो, ही मजा बाल्कनीत एकट्याने बसून येत नाही. आणि उन्हाळ्यात तिथे रात्री दहालाही उजेड असतो, त्यामुळे अंधारी खोली झोपायला उलट बरीच पडली.

आता कागदपत्रांचं, कारण आपल्याकडची माणसं यातच अडकतात. आमचं जहाज व्हँकुव्हरहून निघून व्हँकुव्हरलाच परत येणारं होतं, म्हणजे कॅनडाचा व्हिसाही लागला आणि अमेरिकेचाही. अमेरिकेचं इमिग्रेशन व्हँकुव्हरलाच कॅनडा प्लेस टर्मिनलवर, जहाजात चढायच्या आधी होतं, त्यामुळे तिथे लवकर पोचा, रांग मोठी असते. मग सिअ‍ॅटलहून निघालं की कॅनडाचा व्हिसा वाचेल असं वाटतं ना? नाही वाचत. 1886 चा एक अमेरिकन कायदा आहे, परदेशी झेंड्याच्या जहाजाने अमेरिकन बंदरात माणसं चढवून मध्ये परदेशी बंदर न घेता त्यांना अमेरिकन बंदरातच उतरवायचं नाही, आणि ही मोठी क्रूझ जहाजं जवळजवळ सगळी परदेशी झेंड्याची, त्यामुळे सिअ‍ॅटलवाली जहाजंसुद्धा व्हिक्टोरियाला किंवा कॅनडातल्या दुसऱ्या कुठल्यातरी बंदराला टेकून येतात. 2021 मध्ये कोविडमुळे कॅनडाने बंदरं बंद ठेवली तेव्हा अमेरिकेला फक्त अलास्काचा सीझन वाचवायला तात्पुरता कायदा करावा लागला होता. एवढं त्या प्रदेशाचं पोट क्रूझवर चालतं.

जहाज संध्याकाळी लायन्स गेट पुलाखालून निघालं, तेव्हा बाबा रेलिंगला धरून मान वर करून पुलाच्या आणि जहाजाच्या चिमणीच्या मधलं अंतर मोजत होते, इंजिनियर माणूस, त्यांना व्हेलपेक्षा ते जास्त इंटरेस्टिंग. रात्री सीमूर नॅरोज नावाच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतून जातो म्हटल्यावर तर ते झोपायलाच तयार नव्हते. तिथे पाण्याखाली रिपल रॉक नावाचा जोड शिखरांचा खडक होता, त्याने शंभराहून जास्त लहानमोठ्या बोटींची वाट लावली, शेवटी 1958 मध्ये शेजारच्या बेटावरून समुद्राच्या तळाखालून बोगदा खणून खडकाच्या पोटात स्फोटकं भरली आणि वरचा भाग उडवून दिला. खडक गेला तरी पाण्याची ओढ तेवढीच आहे, अजूनही मोठी जहाजं भरती-ओहोटीच्या मधली शांत वेळ साधूनच तिथून काढतात. बाबा दोन वाजता उठून वर गेले, काळोखात काहीही दिसलं नाही आणि ते अतिशय खूश होऊन परत आले.

जहाजावरच्या बाकी गोष्टींबद्दल फार लिहीत नाही. शो असतात, कॅसिनो असतो, दुकानं असतात, फोटो काढून विकणारे असतात. शाकाहारी लोकांसाठी एकच सांगते, पहिल्या रात्रीच हेड वेटरला गाठा, तो रोज संध्याकाळी दुसऱ्या दिवशीचा मेन्यू आणून दाखवतो आणि काय हवं ते लिहून घेतो. आमच्या टेबलचा वेटर गोव्याचा निघाला, आईने पहिल्या जेवणातच त्याला "अरे बाळा, घरी कधी जाणार तू?" विचारलं आणि पुढचे सगळे दिवस आमच्या टेबलावर न मागता डाळ यायला लागली.

बरं, जुनो. अलास्काची राजधानी, पण बाहेरून तिथे जाणारा रस्ताच नाही, यायचं तर बोटीने नाहीतर विमानाने. गावात माणसं 30 हजारांच्या आसपास आणि वर्षाला क्रूझने येणारे 16 लाखांच्या वर. त्यावरून तिथे चांगलेच वाद चालू आहेत, 2024 पासून दिवसाला पाचच मोठी जहाजं असं ठरलं, पुढे 2026 पासून दिवसाला 16 हजार प्रवासी आणि शनिवारी 12 हजार अशी मर्यादा क्रूझ कंपन्यांशी बोलून ठरवली, आणि "शनिवारी एकही मोठं जहाज नको" असा प्रस्ताव मतदानाला आला तो लोकांनी फेटाळला. आमच्या बसची ड्रायव्हर तिथलीच, तिला विचारलं तर म्हणाली की हिवाळ्यात मला माझं गाव परत मिळतं, उन्हाळ्यात मला पगार मिळतो.

व्हेलच्या बोटी गावातून नाही, ऑक बे नावाच्या खाडीतून सुटतात, बसने अर्ध्या तासाच्या आत पोचतो. बोट लहान घ्या. मोठ्या दुमजली बोटीत खिडकीपाशी जागेसाठी मारामारी असते, लहान बोटीत सगळेच रेलिंगपाशी. इथल्या हंपबॅक जातीच्या व्हेलपासून 100 यार्डांच्या आत बोटीने जायचं नाही असा अलास्कात नियम आहे, म्हणजे साधारण 90 मीटर, त्यामुळे कॅप्टन लांबच इंजिन न्यूट्रलला टाकून थांबतो. मग काही होत नाही. बराच वेळ काही होत नाही. नवरा मोबाईल काढून नेटवर्क बघायला लागला आणि त्याच्याच बाजूला पाण्यातून फुस्सऽऽ असा आवाज आला, प्रेशर कुकरची शिट्टी काढल्यावर येतो तसा पण दहापट मोठा, आणि वाऱ्याबरोबर वास आला. कुजक्या मासळीचा आणि शिळ्या कोबीचा मिळून होईल असा. कुठल्याही फिल्ममध्ये हा वास कोणी सांगत नाही! आई पदराने नाक झाकून हसत होती. नियम आपल्याला आहे, व्हेलला नाही, ती तिला वाटेल तेवढी जवळ येते, कॅप्टनने फक्त इंजिन तसंच ठेवलं आणि हळू आवाजात सांगितलं की कोणी हलू नका. ओली काळी पाठ सरकत गेली, मध्ये तो छोटासा कुबडासारखा पंख, मग पाठीची कमान झाली आणि शेपटी हळूहळू पूर्ण वर आली, कडांवरून पाणी गळतंय, खालची बाजू आमच्याकडे, काळ्यावर पांढरे चट्टे, एका कडेला अर्धगोल तुकडा तोडल्यासारखा. आणि सरळ खाली.

शेपटी अशी उभी वर आली की ती खोल गेली, आता काही मिनिटं तिकडे बघण्यात अर्थ नाही, हे कॅप्टनने सांगितलं आणि मग त्याने जे सांगितलं त्यामुळे माझं सगळं ट्रिपभर डोकं त्याच दिशेने चालत राहिलं. ही जनावरं हिवाळ्यात हवाईला असतात, तिथे पिल्लं होतात पण खायला जवळजवळ काहीच नसतं, मग हजारो किलोमीटर पोहत इथे येतात आणि उन्हाळाभर नुसतं खातात. आणि ही जात व्हेलच्या शिकारीत संपत आली होती, उत्तर पॅसिफिकमध्ये 1966 मध्ये त्यांची शिकार बंद झाली तेव्हा हजार-दीड हजारच उरल्या असाव्यात असा अंदाज होता. म्हणजे बाबा कॉलेजात होते तेव्हा कोणी इथे बोट घेऊन आला असता तर त्याला दिवसभर नुसतं पाणी बघून परत जायला लागलं असतं. आज ऑक बेच्या धंद्यातली माणसं त्यांना ओळखून नावाने हाका मारतात.

ओळखतात ते शेपटीवरून. शेपटीखालचे ते चट्टे प्रत्येकीचे वेगळे, आपल्या बोटांच्या ठशांसारखे. हॅपीव्हेल नावाची साईट आहे, तिथे तुम्ही काढलेला शेपटीचा फोटो, तारीख आणि जागा टाकायची, मग त्यांचं सॉफ्टवेअर तो आधीच्या फोटोंशी जुळवून बघतं आणि कुठली व्हेल ते सांगतं. बाबांचा फोटो तिरका होता, कोपऱ्यात कोणाची तरी टोपी होती, तरी टाकला, आणि परतल्यावर मेल आली की ही ओळखीची आहे, आधी हवाईच्या माउई बेटाजवळ दिसलेली. आता तिचा कोणीही कुठेही फोटो टाकला की बाबांना मेल येते, आणि ते आम्हाला फोन करतात. यात गंमत आहे पण कामही आहे, अशाच फोटोंवरून संशोधकांनी उत्तर पॅसिफिकमधल्या हंपबॅकची मोजदाद केली, 2012 मध्ये 33 हजारांवर पोचलेल्या त्या 2021 पर्यंत 27 हजारांच्या खाली आल्या होत्या. मध्ये 2014 ते 2016 समुद्र विचित्र तापला होता, खायलाच मिळालं नाही. म्हणजे शिकार थांबली म्हणून गोष्ट संपली असं नाही.

जुनोला मेंडेनहॉल ग्लेशियरही आहे, तो लांबून बघा आणि शेजारच्या नगेट धबधब्यापर्यंत चालत जा, रस्ता सोपा आहे, आईच्या गुडघ्यांनाही जमला. वरच्या बाजूच्या एका खोऱ्यात 2011 पासून दर उन्हाळ्यात बर्फाआड पाणी साठतं आणि मग एकदम सुटतं, 2023 च्या पुरात मेंडेनहॉल नदीकाठचं घर खाली कोसळलं तो व्हिडिओ बऱ्याच जणांनी बघितला असेल, ती हीच नदी.

स्कॅगवेबद्दल थोडक्यात. 1896 मध्ये कॅनडातल्या क्लोंडाइकला सोनं सापडलं आणि हजारो लोक या बंदरात उतरून डोंगर ओलांडायला निघाले, कॅनडाच्या पोलिसांनी खिंडीत चौकी टाकली, वर्षभराचं खाणं असल्याशिवाय पुढे सोडणार नाही, म्हणजे बाकी सामान धरून माणशी जवळपास टनभर ओझं, ते पाठीवरून फेऱ्या मारमारून वर न्यायचं. व्हाइट पासच्या वाटेवर साधारण 3 हजार घोडे मेले. आता तिथूनच नॅरो गेजची गाडी जाते, 1898 ला काम सुरू आणि 1900 ला पूर्ण, बाबांच्या मते सगळ्या ट्रिपचा हायलाइट ही गाडी आणि ते पूल. माझ्या मते गावातला मुख्य रस्ता हिऱ्यांच्या दुकानांनी वाया घालवलाय. तीच दुकानं, तेच "फ्री चार्म घेऊन जा मॅडम", जहाज जिथे लागेल तिथे हजर. हजार-बाराशे वस्तीच्या गावाला एवढे हिरे कशाला?

ग्लेशियर बे या खाडीच्या दिवशी जहाज कुठेच लागत नाही आणि तरी तोच सगळ्यात चांगला दिवस. दिवसाला दोनच मोठी क्रूझ जहाजं आत सोडतात. सकाळी नॅशनल पार्कचे रेंजर छोट्या बोटीतून येऊन चालत्या जहाजाला लावलेल्या दोराच्या शिडीवरून चढतात (हे बघायला तरी लवकर उठा) आणि दिवसभर स्पीकरवरून माहिती देतात. आम्ही पहाटेपासून पुढच्या डेकवर, थर्मल, स्वेटर, वरून वाऱ्याचं जॅकेट, कानटोपी, हातमोजे, जून असूनही. आईने जहाजाचं ब्लँकेट गुंडाळलं होतं.

खाडीच्या तोंडाशी आधी समुद्री ऊद दिसले, म्हणजे सी ऑटर, पाठीवर पडून पोटावर काहीतरी फोडून खात तरंगणारे, जहाज जवळून गेलं तरी मान उचलून एकदा बघायचं आणि पुन्हा खाणं चालू. त्यांच्या अंगावर चरबीचा थर नसतो, सगळी ऊब केसांची, एका चौरस इंचात दहा लाखांपर्यंत केस, आणि त्या केसांपायीच ते मारले गेले. रशियनांना अलास्कात आणलं ते मुख्यतः या कातड्यांच्या व्यापाराने, आणि 1867 मध्ये 72 लाख डॉलरला त्यांनी अलास्का अमेरिकेला विकला तोवर माल बराच संपत आलेला. 1911 च्या करारात शिकार थांबली पण अलास्काच्या या आग्नेय टोकात एकही उरला नव्हता. 1960 च्या दशकात दुसऱ्या भागातून 400 च्या आसपास ऊद आणून सोडले, आज दिसतात ते त्यांचे वंशज. सगळे खूश आहेत असंही नाही हं, खेकडे आणि शिंपल्या पकडणारे लोक वैतागलेत, कारण हे महाशय दिवसाला स्वतःच्या वजनाच्या चतुर्थांश खातात आणि तेही नेमकं महागातलं.

पुढे साउथ मार्बल बेटावर सी लायनची गर्दी, आवाज जहाजापर्यंत, आणि दुर्बिणीतून पफिन, नारिंगी चोचीचे, एवढेसे पंख जीव खाऊन फडफडवत पाण्यावरून जाणारे. दुर्बीण माणशी एक न्या. आम्ही चौघांत एकच नेली होती आणि ती सगळा वेळ बाबांच्याच गळ्यात.

आणि मग मार्जरी ग्लेशियर. जहाज त्याच्यासमोर थांबतं आणि हळूहळू जागच्या जागी फिरतं, म्हणजे सगळ्या बाजूंना दिसतं, बाल्कनीची कुठली बाजू हा प्रश्न इथे निकालात निघाला. बर्फाची भिंत पाण्यावर 250 फुटांच्या आसपास उंच, भेगांमध्ये निळी, आणि मधूनच बंदुकीसारखे आवाज. आवाज ऐकून बघायला गेलात तर उशीर झालेला असतो, तुकडा आधी पडतो, आवाज मागून येतो, त्यामुळे कान विसरून एकाच जागी नजर लावून बसायचं आणि नशीब लागतं. नवऱ्याला मोठा तुकडा पडताना दिसला, मला त्याची लाट दिसली.

रेंजर बाईंनी नकाशा दाखवला तो मला बर्फापेक्षा जास्त लक्षात राहिलाय. 1794 मध्ये ब्रिटिश दर्यावर्दी कॅप्टन व्हँकुव्हरची माणसं इथून गेली तेव्हा ही खाडीच नव्हती, तोंडाशीच बर्फाची भिंत. 1879 मध्ये निसर्ग अभ्यासक जॉन म्यूर आला तोवर बर्फ 40 मैलांहून जास्त आत सरकलेला. आता खाडीचं टोक 65 मैल आत आहे. म्हणजे सकाळपासून आम्ही ज्या पाण्यातून आलो ते सगळं पाणी अडीचशे वर्षांपूर्वी बर्फ होतं, आणि त्याच्याही आधी जिथे ह्यूना त्लिंगित या मूळ रहिवाशांची गावं होती ती पुढे सरकत येणाऱ्या बर्फाने उठवली. त्यांचं सामुदायिक घर 2016 मध्ये पुन्हा इथे बांधलं, बार्टलेट कोव्हला. रेंजर बाई प्रामाणिक होत्या, म्हणाल्या की यातला बराचसा बर्फ आपल्या गाड्या आणि कारखाने यायच्या आधीच, निसर्गाच्याच कारणाने मागे गेला, पण आता जो पातळ होत चाललाय त्याला ते कारण पुरत नाही. मागून एक काका म्हणाले "मग आपण एवढं मोठं डिझेलचं जहाज घेऊन इथे काय करतोय?" आणि आजूबाजूचे सगळे हसले, मीसुद्धा, पण उत्तर कोणीच दिलं नाही, आणि माझ्याकडेही नाहीये.

केचिकनला पाऊस. तिथे वर्षाला साडेतीन मीटरच्या वर पडतो, धक्क्यावरच मोठं पर्जन्यमापक लावून ठेवलंय, त्यामुळे छत्रीत न अडकता भिजायची तयारी ठेवा. क्रीक स्ट्रीट म्हणजे ओढ्यावर खांब रोवून बांधलेली लाकडी घरं, एके काळची बदनाम वस्ती, आता दुकानं. शेजारच्या सॅक्समन गावातले टोटेम पोल, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांचे कोरीव लाकडी खांब, जरूर बघा, पण गाइड घेऊन, नाहीतर नुसते रंगीत खांब. मी मात्र ओढ्याच्या कठड्यावरच रमले कारण समोरच्या झाडावर बाल्ड ईगलची जोडी. एवढा रुबाबदार पक्षी, पांढरं डोकं, वाकडी पिवळी चोच, आणि आवाज? कोंबडीच्या पिल्लासारखा चिवचिवाट! सिनेमात गरुड दाखवून जी किंकाळी ऐकवतात ती बऱ्याचदा रेड-टेल्ड हॉक नावाच्या दुसऱ्याच एका शिकारी पक्ष्याची असते. आणि ज्याला डिसेंबर 2024 मध्ये कायद्याने अमेरिकेचा राष्ट्रीय पक्षी केला, त्याच्या डोक्यावर याच अलास्कात 1917 ते 1953 सरकारी इनाम होतं, सामन मासे खातो आणि फरसाठी पाळलेले कोल्हे उचलतो म्हणून, पंजे आणून द्या नि पैसे घ्या, सुरुवातीला 50 सेंट, शेवटी 2 डॉलर. एक लाखाहून जास्त मारले. ऊद, व्हेल, गरुड, बघायला आपण जातो ते सगळंच एकदा मोडीत निघालेलं, आणि ज्या ज्या वेळी कोणीतरी थांबवलं त्या वेळी परत आलेलं. बर्फाला मात्र असा करार करता येत नाही.

बुकिंग करणाऱ्यांसाठी शेवटचं: प्रत्येक अलास्का क्रूझ ग्लेशियर बेमध्ये जात नाही. बरीच जहाजं हबर्ड ग्लेशियरला किंवा एंडिकॉट आर्मला जातात, तीही जागा सुंदरच, पण रेंजर, ऊद आणि पफिन हे सगळं हवं असेल तर कार्यक्रमात ग्लेशियर बे हे नाव लिहिलंय का ते नीट वाचा, नुसतं "ग्लेशियर व्ह्यूइंग" लिहिलं असेल तर एजंटला विचारा. महिना म्हणाल तर मे-जूनला पाऊस कमी आणि उजेड जास्त, सामन उड्या मारताना बघायचे असतील आणि नदीकाठी अस्वलं हवी असतील तर जुलैअखेर ते ऑगस्ट, तेव्हा गर्दी आणि पाऊस दोन्ही सोसा. व्हेल मे ते सप्टेंबर असतातच. अस्वल आम्हाला एकच दिसलं, तेही गाडीच्या खिडकीतून, पाठमोरं, त्यामुळे आईने आता ऑगस्टचं बघ म्हणून सांगून ठेवलंय.